कायमचं अपसव्य

आजोबा गोदावरीच्या काठी यात्रेकरूंचे श्राद्धविधी सांगत. जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं, ते सव्य. पितरांसाठी ते उजव्यावर घ्यायचं, याला अपसव्य म्हणतात. जन्मभर लोकांना "अपसव्य करा" सांगितलेल्या आजोबांचा उजवा खांदा मी कॉलेजात असताना इतका झिजला, की हात छातीच्या वर जाईना. काठावर जाणं त्यांनी बंद केलं. एकच श्राद्ध त्यांना सोडायचं नव्हतं, माझ्या बाबांचं. मी लहान असतानाच बाबा गेले. मला भाऊ नाही. मुलाचं श्राद्ध दर वर्षी बापच करत होता.

कॉलेज रोडवरचे डॉक्टर निम्मं इंग्रजीतच बोलत, म्हणून आत्याने मला पुढे बसवलं. खांदा बदलण्याचे दोन प्रकार होते. साध्या प्रकारात गोळ्याच्या जागी गोळा, वाटीच्या जागी वाटी; पण त्याला आजूबाजूचे स्नायू धड लागतात. आजोबांचे फाटले होते. त्यांच्यासाठी दुसराच, 'रिव्हर्स': गोळा वाटीच्या जागी, वाटी दंडाच्या हाडावर. मग बाहेरचा मोठा स्नायू हात उचलतो.

"रिव्हर्स म्हणजे काय गं?" आजोबांनी विचारलं.

"उलटा," मी म्हणाले. त्याला माझ्याकडे तेवढाच मराठी शब्द होता.

"म्हणजे कायमचं अपसव्य!" ते हसले.

आत्या हसली नाही. रिक्षात म्हणाली, "अण्णा, उलटा खांदा काय बसवून घेताय? शुभकार्याला कोण बोलवेल तुम्हाला?"

"आत्ता कोण बोलावतंय? मला बघितलं की लोकांना दहावा आठवतो."

डॉक्टरांना मात्र त्यांनी एकच विचारलं होतं. सदरा काढून, जानवं दाखवून. "हे फिरवता येईल?" हात वर जाईल, डॉक्टर म्हणाले, पाठीमागे वळेल याची खात्री नाही.

"वर गेला तरी पुष्कळ."

पण हृदयाच्या डॉक्टरांनी भूल द्यायला परवानगी दिली नाही. फाइल कपाटात गेली.

बाबांच्या तिथीला आजोबा पाटावर बसले. "अपसव्य," स्वतःलाच म्हणाले, आणि हात अर्ध्यात थांबला. डाव्या हाताने त्यांनी जानवं ओढून पाहिलं. आत्याने मान वळवली. मी उठले. कुणाला विचारलं नाही. जानवं सैल करून त्यांचं उजवं कोपर हळूच त्यातून सोडवलं, माळेसारखं गळ्यात आणलं, मग डावा हात त्यातून घेतला. दुखऱ्या खांद्यावर दोरा टेकला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"सव्य करायलाही ये हो," एवढंच म्हणाले.

ते होते तोवर दर तिथीला मी जात राहिले. आम्ही बाबांबद्दल कधीच बोललो नाही. तो दोरा फिरवण्यापुरतीच मी त्यांच्या जवळ जायची.

आता तिथीला घरी काही होत नाही. आत्या देवळात शिधा देऊन येते.