माझ्या बापाला मागे टाक म्हणाले

"सीनरी मस्त आहे. पण हा माणूस कायले घुसवला मंधात?"

संगणक क्लासचे मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहून बोलले. पडद्यावर आमच्या गावचं तळं होतं. आणि डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा माझा बाप.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. घरात कम्प्युटर पाहिलेली मी पहिलीच. व्हिज्युअल बेसिकचा शेवटचा प्रोजेक्ट होता, आपल्या गावाची ओळख. मागे एक चित्र पसरायचं, त्यावर दुसरी चित्रं ठेवायची. कोणतं वर, कोणतं खाली, ते आपण ठरवायचं. मला ते फार आवडलं होतं. मामाने काढलेला बाचा फोटो मी स्कॅन केला, भोवतालचं सगळं पुसलं. जाळ्यातून मागचं पाणी दिसायला हवं, म्हणून त्याचं एकेक भोक मोकळं करत बसले. बाकीची पोरं फुलपाखरं चिकटवून घरी गेली. माझे डोळे लाल झाले.

"सर, हा माझा बाप आहे."

"असन. तळं आमच्या आजोबानं बांधलं. तुह्या बापानं नाई."

त्यांनी आजोबांचा फोटो दिला. फेटा, हातात काठी. आमच्या गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. तो मोठा करून अगदी पुढे ठेवायचा.

"बापाले पुसू नको पाहिजे तं. मागं टाक. आहेच तो तिथी, दिसत नाई एवढंच."

आहेच, दिसत नाही! पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हेच तर होतो. तळ्याची माती कोणी उपसली, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण प्रमाणपत्र त्यांच्या हातात. तळ्यात जाळं टाकायचं तरी त्यांच्या घरी विचारून, अशी गावची रीत. मी बापाला मागे टाकलं. फेट्याखाली तो पुरता झाकला गेला.

क्लासमध्ये सगळ्यांच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं, त्या दिवशी बा गावाहून चंद्रपूरला आला. धुतलेला सदरा घालून. तुझं चित्र कम्प्युटरवर आहे, असं मीच आधी सांगून ठेवलं होतं. येऊ नको म्हणायला जीभ रेटली नाही. मालकांनी त्याला दारात, चपलांपाशीच थांबवलं. तिथून मान लांब करून तो बघत राहिला.

"मी कुठी आहो, पोरी?"

मालक बापाहून वयाने लहान. तरी अरेतुरेच.

"मागं आहेस गा तू. मासोयीचा वास येऊन नाई राह्यला का?"

पाहुणे हसले. बासुद्धा हसला. हात जोडून हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी चालू प्रोग्राम थांबवला. मालगुजारांच्या फोटोवर क्लिक केलं. मागे. बाप पुढे. परत चालू केला. पडदाभर जाळं.

"हे काय करून राह्यली? सर्टिफिकेट पाहिजे का नाई तुले?"

"नाई पाहिजे."

"आन् तळं? विचार तुह्या बापाले."

बाने माझं मनगट घट्ट धरलं.

"माफी माग पोरी. आपलं पोट हाये त्यात."

मी मागितली नाही. आम्ही दोघं बाहेर पडलो.

परतताना मूल गावाकडे जाणाऱ्या एसटीत तो माझ्याकडे पाठ करून बसला. मला त्याचा राग आला नाही. राग आला त्याला असं भ्यायला शिकवणाऱ्यांचा. मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, पाठ करून मार्कही मिळवले होते. मग आम्ही अजून कोणाला विचारतो? आणि काऊन विचारतो?

गावात उतरल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"बा, उद्या जाळं टाक. कोणाले विचारू नको. डोंग्यात मीपण राहीन."

तो खाली बघत घराकडे निघाला.

तो आला नाही, तर मी एकटी टाकणार होते.