बंद फोनमधली पावलं

इथले बाकीच्यांचे अनुभव मी दुपारी डबा खाता खाता वाचते, आणि खरं सांगायचं तर खोड काढायच्या नजरेनेच वाचते. पंधरा वर्षं मोबाईल ॲप लिहिण्यात गेली. आमच्या कामात कुणी "आपोआप झालं" म्हणालं की पहिला प्रश्न असतो - शेवटचा हात कोणाचा लागला? आणि कोणाचा तरी लागलेला असतोच. तेव्हा हे लिहायला बसताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मी आईबरोबर खांदेश्वरला राहते, ऑफिस तुर्भ्याला. आमचं ॲप पावलं मोजतं. मोठमोठ्या कंपन्या ते आपल्या लोकांना देतात, म्हणजे कोण किती चाललं ते दिसतं. मी आयफोनचं ॲप लिहिते, समोरच्या टेबलावर उरणचा झुबेर अँड्रॉइडचं. भांडण पहिल्या दिवसापासून एकच - माणूस तोच, रस्ता तोच, तरी आमच्या दोन ॲपचे आकडे काही केल्या जुळत नाहीत. झुबेर म्हणायचा, "तुझं ॲप लाडावलंय, मोजायचा कंटाळा करतं." मी म्हणायचे, "तुझं ॲप रिक्षात बसूनपण चालल्याचं सांगतं."

हे घरी सांगितलं मात्र, बाबा सरसावून बसले. बाबा तुर्भ्याच्याच एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी बाजारातली काकडीसुद्धा उजेडात धरून बघायचे. "दोघांतलं खोटारडं कोण, ते मी काढतो," म्हणाले. मी ऑफिसमधून सिम नसलेले दोन टेस्ट फोन आणून दिले. डाव्या खिशात अँड्रॉइड, उजव्यात आयफोन, आणि हातात अंगठ्याने दाबायचा लोखंडी काउंटर. अशा थाटात ते रोज सकाळी सहाला आईबरोबर तळ्याला पूर्ण चक्कर मारून यायचे. परत आले की दारातूनच निकाल - "शिल्पे, तुझी एकशे बारा कमी. त्या पोराची नव्वद जास्त. दोघंही रिजेक्ट!" दीड वर्ष चाललं हे. सर्व्हरवर त्यांचं खातं होतं टेस्ट-०७, म्हणून झुबेर त्यांना 'सातवाले काका' म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. आठ दिवसांचं आजारपण. त्याबद्दल फार लिहीत नाही.

त्यानंतर आईने फ्लॅटचा उंबरा ओलांडणंच सोडलं. शुगर आहे, गुडघे दुखतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता चालल्या नाहीत तर वर्षभरात काठी लागेल, आणि नंतर खुर्ची. आईचं उत्तर एकच, "बघू." मी सोसायटीतल्या बायकांना मागे लावलं, आईने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. एकदा तर मी चिडून ओरडलेसुद्धा. आई मूळची साताऱ्याकडची, आवाज न चढवता म्हणाली, "एकटीनं चालायची सवय न्हाई गं मला." बाबांच्या मागोमाग आईपण हातातून जातेय, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

अशात ऑफिसमध्ये नवीन व्हर्जनच्या आधी जुनी टेस्ट खाती उडवायचं काम निघालं. नियम साधा - तीन महिन्यांत काही हालचाल नसेल तर डिलीट. यादी माझ्याकडे होती. टेस्ट-०७ त्यात असणारच, म्हणून मनाची तयारी करूनच ती उघडली. तर यादीत ते नव्हतंच. वाटलं, कुणी आधीच उडवलं. शोधलं, तर खातं जागच्या जागी. शेवटची नोंद त्याच दिवशीची, सकाळी सहा दहा ते सहा पंचावन्न.

माझं डोकंच फिरलं. "झुबेर, काकांचे फोन कोणाला दिलेस?"

"आईशप्पथ कोणाला नाय. हातपण नाय लावला."

कपाट उघडलं. ते दोन्ही फोन मीच परत आणून ठेवले होते, रजिस्टरमध्ये शेवटची सही माझी. आयफोन पूर्ण मेलेला. अँड्रॉइडची बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलेलं. चालू होण्याचा प्रश्नच नव्हता.

झुबेरने लॅपटॉप पुढे ओढला. आधी हसत होता, मग एकेक नोंद बोटाने मोजू लागला. अकरा दिवस रोज नोंद होत होती, दोन्ही फोनांच्या नावावर. आणि दोन्ही आकड्यांत एका पावलाचाही फरक नव्हता. तीन हजार चारशे दहा... आणि तीन हजार चारशे दहा!

"शिल्पा," तो हळूच म्हणाला, "जे आपल्याला दीड वर्षात जमलं नाय, ते काकांनी करून दाखवलं."

मी खात्याचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद हजर. कुठली चाचणीची स्क्रिप्ट चुकून चालू राहिली आहे का, तेही झुबेरने बघितलं. नव्हती. शेवटी मीच म्हटलं की काहीतरी बग असेल, उडवूया खातं.

"नियम काय? हालचाल नसेल तर," झुबेर म्हणाला. "हे खातं चालू हाय. आपण कोण उडवणारे?"

सहा दहा ही वेळ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. परदेशातल्या क्लायंटच्या कॉलमुळे मी सकाळी आठशिवाय उठत नाही. त्या संध्याकाळी घरी आले तर आई मटार सोलत बसली होती. तिचा फोन सहज म्हणून उचलला. हल्लीचे फोन न सांगताही पावलं मोजतात, तिला ते माहीत नव्हतं. बारा दिवस, रोज सकाळी सहा दहा. त्याआधीचे महिने सगळे कोरे.

"आई, तू चालायला जातेस?"

"जाते की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर लगेच माझ्या फोनात काहीबाही टाकलं असतंस." शेंगा बाजूला सारत ती म्हणाली, "एक दिवस लवकर जाग आली. वाटलं, दाराशी कुणीतरी ताटकळलंय. म्हटलं, चला."

मी तिला मिठी मारली आणि रडले. मग लॅपटॉप उघडून सगळं सांगितलं, दाखवलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने चष्मा लावला आणि वाचत बसली. तेवढ्यात मला नको ते दिसलंच, सवय जात नाही ना. आदल्या दिवशी आईची तीन हजार वीस, बाबांची तीन हजार चारशे दहा. रोज तीनशे-चारशे जास्त. वेळ तीच, रस्ता तोच. आणि बाबांची ढांग लांब, म्हणजे त्यांची उलट कमी भरायला हवीत. हे गणित मी तिला बोलून दाखवलं.

आई हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा, चष्मा काढून, तोंडाला पदर लावून हसली. "बरोबरच हाय की मग. ते माझ्यासंगं चालायचे कवा? तरातरा पुढं जायचे, कोपऱ्यावरनं वळून बघायचे, अन् मला न्यायला परत यायचे. तेवढी जास्तीची."

दीड वर्ष मी बाबांचे आकडे तपासत होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

नोंदी अजून चालू आहेत. झुबेरला आणि मला कारण सापडलेलं नाही. खरं तर हल्ली आम्ही शोधतही नाही. ऑफिसमध्ये तिसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला पटण्यासारखं काही सुचलं तर जरूर लिहा, मी खोड काढणार नाही.

गेल्या रविवारी गजर लावून उठले आणि आईबरोबर गेले. तिचा गुडघा धरला होता. तळ्याशी बाकावर वीस मिनिटं बसलो आणि तिथूनच परत फिरलो. घरी येऊन बघितलं तर आईची जेमतेम दोन हजार. बाबांची चार हजारांच्या वर!

"आई, आज तर आपण निम्म्यातनं परत आलो. मग बाबांची एवढी कशी?"

आईने चहाचं आधण ठेवलं. "मी बसले म्हणून ते बसतायत व्हय? येरझाऱ्या घालत्यात नुसते, मी उठेस्तवर."