फुलांना घाण पाणी नको

गल्लीतले लोक त्यांना माळीमामा म्हणत, पण झाडांशी त्यांचं काम थोडंच होतं. पालिकेने रस्त्याकडेला अकरा खोलगट बागा केल्या होत्या. प्रत्येकीच्या दगडी काठाला वीतभर खाच. रस्त्यावरचं पावसाचं पाणी त्या खाचेतून आत यावं, तिथेच जिरावं, उताराच्या टोकाला तुंबू नये, एवढाच हेतू. खाचा मोकळ्या ठेवणं हे मामांचं काम. उताराच्या टोकाला, दोन पायऱ्या खाली, ते थोरल्या बहिणीसोबत राहत. बहीण शिवणकाम करी.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. गाड्या लावायची जागा गेली, डास होतील, म्हणून अर्ज केले. दुसऱ्या वर्षी फुलं आली आणि लोक पाहुण्यांना बागा दाखवू लागले. फुलांचा लळा लागला तसं त्यांना रस्त्याचं पाणी खुपू लागलं. कुणी खाचेत फरशीचा तुकडा बसवी, कुणी चिंध्या कोंबी. मामा सकाळी काढत. संध्याकाळी पुन्हा तेच.

शेवटी निवृत्त शिक्षिकाबाईंनी वर्गणी काढून गवंडी बोलावला. मामांनी पाणी कुठून कुठे जातं ते सांगितलं, आपलं दारही दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला.

"मामा, तुमच्या घरात कुणी गटार सोडलं तर चालेल का?"

"सोडतातच की."

बाई हसल्या. दुपारपर्यंत अकराही खाचा सिमेंटने बुजल्या. कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं, फोडायला लेखी तक्रार लागेल, तीही बागांसमोरच्या रहिवाशांची. रहिवासी तर खूश होते.

आठवड्याने मोठा पाऊस झाला. घरात गुडघाभर पाणी आलं, शिलाई मशीनची मोटर जळाली. बहिणीने गिऱ्हाइकांची कापडं पिळून दोरीवर टाकली आणि लेकीकडे राहायला जायचं ठरवलं.

"तू भांडत बसू नकोस. वय राहिलं नाही आता."

"कुणाचं?"

"दोघांचं."

मामांनी तिला गाडीत बसवून दिलं. घरी येऊन भिंतीवरची ओल कुठवर चढली ते पाहिलं, आणि कामावर गेले.

पुढे पंधरा दिवस ऊन पडलं. रस्त्याचं पाणी आत न आल्याने बागांची माती वरवरच भिजली होती. झाडांनी माना टाकल्या.

"मामा, जरा नळी लावा," बाई गच्चीतून म्हणाल्या.

मामांनी नळी लावली.