पट्ट्यावर जाळी नव्हती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज सोबत चहा घेणाऱ्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीटसं कळत नाही.

सुरुवात माझ्या बोलण्यापासूनच करावी लागेल. मी बरा बोलायचो. धुळ्याला कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलो. विषय होता नफा आणि नीती. ज्यांच्या घामावर कारखाना चालतो त्यांची जबाबदारी मालकाचीच — नुसत्या पगारावर ती फिटत नाही — असं मी तावातावाने मांडलं. टाळ्या पडल्या. बक्षीस द्यायला जळगावचे एक शेठ आले होते, डाळ मिलवाले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, मला असाच माणूस हवाय. पदवी झाली तसा मी त्यांच्या मिलमध्ये सुपरवायझर म्हणून लागलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काम आटोपलं की ते मला ऑफिसात बसवून घ्यायचे, वाद घालायचे. धंद्यात नीती पाळून टिकता येतं का? मी म्हणायचो, येतं. ते हसून म्हणायचे, तुझ्यासारखी माणसं असली तर येईल. त्या वयात हे ऐकून कोणाला बरं वाटणार नाही?

मिलमध्ये बायका बऱ्याच होत्या. त्यांत कमलअक्का. असोद्याहून बसने यायची. नवरा वारलेला, मुलगी लग्नाची. मी नवखा होतो तेव्हा कामातलं बरंच मला तिनेच शिकवलं — तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल किती राहिली ते ती सांगायची. डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी असली की माझ्यासाठी एक वेगळी बांधून आणायची. मला भाऊ म्हणायची.

डाळ वर चढवणाऱ्या यंत्राला मोठा पट्टा होता. त्यावर लोखंडी जाळी हवी. होती — पण कोपऱ्यात, भिंतीला टेकून. पट्टा सारखा घसरायचा, दर वेळी जाळी काढा, पुन्हा लावा, त्यात वेळ जायचा. म्हणून हंगामात ती काढूनच ठेवलेली. मी शेठना एकदा सांगितलं. ते म्हणाले, हंगाम संपू दे, बसवू. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

एका दुपारी पट्ट्याखाली डाळीचा ढीग साचला. अक्का तो झाडायला गेली. आधी तिचा पदर पट्ट्यात गेला, मग हात. उजवा. यंत्र थांबेपर्यंत — नको, ते राहू द्या. डॉक्टरांना हात कोपराखालून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलमध्ये पोचलो तर जाळी जागेवर बसवलेली. शेठनी मला आत बोलावलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या — मी पाहिलंय. मिल बंद झाली तर एवढ्या बायकांनी जायचं कुठे, म्हणाले. अक्काला आपण जन्मभर सांभाळू, बसून करायचं काम देऊ. फक्त चौकशीत सांग की जाळी होती, तिनेच काढून हात घातला. तू बोललास की लोकांना पटतं.

मला ते कौतुक वाटलं. खरंच, त्या वेळी कौतुकच वाटलं.

काही दिवसांनी सरकारी निरीक्षक आले. अक्का बांधलेला हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. निवांत होती. निरीक्षकांनी विचारल्यावर तिने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "या भाऊले इचारा. तो खोटं नही बोलनार."

मी बोललो. ठासून, कुठेही न अडखळता. जाळी होती. यंत्र बंद असतानाच झाडायचं अशी सक्त ताकीद होती. बाईंनी ऐकलं नाही. बोलताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला ते मला आजही माहीत नाही.

हंगाम संपला. अक्काला कोणी बोलावलं नाही. मी शेठना आठवण करून दिली. ते अगदी शांतपणे म्हणाले, "चूक तिची होती, असं तूच सांगितलंस ना? मग आपण तिचं काय देणं लागतो?"

मी फसलो होतो. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी माझ्यात काय हेरलं होतं, ते तेव्हा कळलं. चीड आली, जिन्यात उभं राहून रडलोही. पण माझा घात झाला असं म्हणायचा हक्क मला होता का? जबाब बदलता आला असता. मी नोकरीवर राहिलो. पुढे मॅनेजर झालो.

इथवरचं कदाचित कधीतरी कोणाजवळ बोललोही असतो. भित्रेपणा कबूल करता येतो. पण यानंतरचं —

दिवाळीच्या आधी अक्का मिलच्या फाटकाशी आली. भांडायला नाही. मला निंबाखाली बाजूला घेऊन म्हणाली, गावात सगळे मला म्हणतात, एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? औषधांच्या गुंगीत तुझंच काही उलटसुलट झालं असेल. आता तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. मग तिने हळूच विचारलं, "भाऊ, यंत्र चालू असताना मले तुम्हीच धाडलं व्हतं ना? का माह्याच ध्यानात चुकीचं ऱ्हायलं?"

मीच पाठवलं होतं. थांबवलेली मिल पुन्हा सुरू करायला वेळ जातो, म्हणून चालू ठेवून पाठवलं होतं. बंद करा ना भाऊ, असं ती म्हणालीही होती. मी म्हटलं होतं, दोन मिनिटांचं तर काम आहे.

निंबाखाली आम्ही दोघंच होतो. शेठ नव्हते, निरीक्षक नव्हते, काय बोलायचं ते कोणी शिकवून ठेवलं नव्हतं. तिला खरं सांगून माझं काय जाणार होतं? मी म्हणालो, "नाही अक्का. तुम्ही आपणहून गेला होतात."

"आसंन मंग," म्हणाली. आणि माझी माफी मागितली — माझ्यावर संशय घेतला म्हणून.

नंतर असोद्याची माणसं भेटली की सांगायची, अक्का स्वतःच म्हणते चूक माझी होती, भाऊनं तर यंत्र बंद करायला सांगितलं होतं. मरेपर्यंत ती हेच सांगत राहिली. सांगणारे माझ्याकडे पाहायचे, आणि मी दर वेळी मान डोलवायचो.