तुपाच्या डब्यातली सनई

दुरुस्तीला रेडिओ आला की सोपान गुरव तो आधी उघडत नसे. त्याला कान लावून बसून राही. "ऐकल्याबिगर हात लावायचा न्हाई," हे त्याचं ठरलेलं बोलणं. तोवर गिऱ्हाईक कंटाळून चहाला निघून जाई. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. पुणतांब्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो आणि दुर्दैवानं त्याच्या दुकानाशेजारीच माझी खोली होती.

पुण्यातला कुठलासा ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा सोपाननं तिथून एक इलेक्ट्रिक गिटार आणली. ती आहे तशी वाजवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तंबोऱ्याला असतो तसा सुताचा दोरा त्यानं तारांखाली सरकवला, स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला. आवाज असा फाटला की माझ्या डोक्याचा भुगा झाला. हे कशासाठी, असं मी चिडून विचारलं, तर म्हणाला, सनईची धार पाहिजे.

कारण घरातच होतं. त्याचे थोरले भाऊ, दादा, महादेवाच्या देवळात रोज सनई वाजवायचे. वडिलांमागून तो मान त्यांच्याकडे आला होता. पण दम्यानं छाती पोखरली, डॉक्टरांनी फुंकण्याला साफ मनाई केली आणि दादांनी बोलणं जवळजवळ टाकलं. येत्या शिवरात्रीला एकदा देवापुढे वाजवावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

सोपाननं गिटारवर सनईची नक्कल बसवली आणि त्यांना ऐकवली. दादांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "सूर बराबर हाय. पर हे कुनाच्या तोंडातनं आलंय?"

सोपाननं दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन बसला. आत स्पीकर बसवला, झाकण लाखेनं बंद केलं आणि एका भोकातून रॉकेल काढायची रबरी नळी बाहेर काढली. तारा सोपान छेडणार. आवाज नळीतून दादांच्या तोंडात जाणार. ओठ आणि जीभ हलेल तसा तो घडणार आणि समोरच्या माईकमधून बाहेर पडणार. फुंकायची गरजच नव्हती. ध्वनीचा धडा मी दरवर्षी शिकवायचो, पण हे मला कधी सुचलं नसतं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नळी तोंडात गेली की दादांचे गाल आपोआप फुगत आणि खोकल्याची उबळ येई. जन्माची सवय ती. फुंकू नका, नुसतं तोंड हलवा, असं सोपान परोपरीनं सांगे. शेवटी वहिनी पुढे आल्या. त्यांनी दादांच्या गालावर तळवा ठेवला. गाल फुगू लागला की त्या हलकेच दाबायच्या. महिनाभर रोज असंच चाललं.

शिवरात्रीला शेजारच्या घरातून देवळात विजेची वायर ओढली. डबा पाहून माणसं हसली. मग वहिनी डोक्यावरचा पदर सावरत आल्या आणि साऱ्या गावादेखत नवऱ्याच्या गालावर हात ठेवून बसल्या, तेव्हा हसणं थांबलं. सूर निघाला. तो पुरता सनईचा नव्हता. पण पूर्वी दादा जिथं दम घेत, नेमकं तिथंच ते तोंड मिटत होते, आणि म्हातारी माणसं माना डोलवू लागली. मला रडू आलं, हे कबूल करतो.

पावसाळ्याआधी दादा गेले. पुढची शिवरात्र आली तेव्हा गावानं सोपानला गळ घातली, नळी आता तूच तोंडात धर. मीही आग्रह केला. तो म्हणाला, "गुरुजी, माजे निसते हात हुते."

तरी तो देवळात आला. डबा, नळी, माईक यातलं काही आणलं नव्हतं. गिटारला वायरही न जोडता तो खांबाशी बसून वाजवत राहिला. शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांनाच काय ते ऐकू येत असावं.