कोलमच्या मधोमध

चेन्नईत शोळिंगनल्लूरला आमच्या समोर राहणाऱ्या तंजावरी आजींचं नाव मला अजून ठाऊक नाही; त्या मात्र मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. त्यांचा म्हातारा कुत्रा दारात झोपायचा आणि झोपेत चादर ओली करायचा. पहाटे त्याला उठवून, उंबरा धुऊन मगच त्या दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे कोलम, काढायच्या. त्यावर उपाय म्हणून कुणी भोपळा सुचवला, कुणी जिऱ्याचं पाणी. एका शेजाऱ्यानं तर कुत्र्याचं पाणीच बंद करायला सांगितलं.

"तुम्हीच राहा की दिवसभर बिनपाण्याचे!" आजी कडाडल्या.

मग डॉक्टरांच्या गोळ्या आल्या, झोपण्याआधी न चुकता त्याला बाहेर फिरवून आणणं आलं.

काल पाहतो तर कोलमच्या मधोमध कुत्रा घोरतोय, रेघा त्याला वळसा घालून गेलेल्या. मला पाहताच आजींनी त्याच्याखालची चादर चाचपली आणि बोटं उंच धरली.

"बघ, तंबी!"

बोटांवरचं पीठ कोरडं, पांढरंशुभ्र होतं.