तारेवरचा तात्या काढणारे शेठ

एकही मुडदा न पाडता मारामारीची चित्रपुस्तकं काढणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो आपल्या नारायणगावच्या पेठेत कापडाचं दुकान चालवत होता. मागे तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, तुमच्याकडे सुपरहिरो नव्हते का?" तेव्हा मी नुसतं "होता एक" म्हणून विषय बदलला, कारण ती गोष्ट फोनवर आटपण्यासारखी नव्हती. सुपरहिरोच्या आधी त्याला जन्म देणारे शेठ सांगावे लागतात, आणि शेठ सांगायचे तर निवांत बसून लिहायलाच हवं.

तुमच्या आजोबांचे शर्ट आणि माझ्या साड्या त्यांच्याच दुकानातून यायच्या. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण इथे इतक्या पिढ्या गेलेल्या की आपल्याला स्वप्नंसुद्धा मराठीतच पडतात, असं ते सांगत. पांढऱ्याशुभ्र गादीवर मांडी घालून बसलेले, अंगाने भरलेले, आवाजाने मऊ. गिऱ्हाईक नसलं की ताग्यातून निघालेला पुठ्ठा मांडीवर घ्यायचे, त्यावर कागद ठेवायचे आणि चित्रं काढायला लागायचे. पानं भरली की शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जायची, टाचण्या मारून परत यायची आणि ब्लाउजपीसबरोबर गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडायची. मी तेव्हा वारूळवाडीहून शाळेत इंग्रजी शिकवायला जात असे. इंग्रजीच्या बाईंना जगातल्या सगळ्या भाषांचं शुद्धलेखन येतं अशी शेठची समजूत होती, त्यामुळे झेरॉक्सच्या आधी प्रत्येक अंक माझ्याकडे यायचा. "बाई, लाल पेन घेऊनच बसा," असं ते दारातूनच म्हणायचे.

त्या पुस्तकांचा नायक होता 'तारेवरचा तात्या'. नायक म्हणून चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला वायरमन घेण्याची कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली नसती. हा तात्या विजेच्या तारांवरून धावत या गावाहून त्या गावाला जायचा. त्याचा शत्रू 'अंधाऱ्या', काळा झगा घातलेला, गावोगावचा उजेड पोत्यात भरून चोरणारा. माझ्या घरात प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा मी पहिल्याच भेटीत विचारलं, "पण शेठ, हा उजेड चोरून करतो काय?"

शेठ गंभीर झाले. "त्याने मला अजून सांगितलं नाही, बाई."

त्या चित्रांतली माणसं थोडी बटाट्यांसारखी दिसत, पण कपडे असे की पॉपलीन कुठलं आणि टेरीकॉट कुठलं हे काळ्या-पांढऱ्या चित्रातही ओळखू यावं. तात्या छपरावरून कोसळला, उसात शिरला, विहिरीतून वर आला, तरी त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नसे. धप्प, खण्ण, सुंई असे सगळे आवाज शेठच्या मारामाऱ्यांत होते. फक्त 'टर्र' नव्हता. एवढ्या झटापटीत एकदा तरी बाही फाटायला हवी, असं मी समासात लिहिलं, तर त्याखाली त्यांचं उत्तर आलं : "चांगलं कापड फाटत नाही."

मी वाढले इंग्रजी कादंबऱ्यांवर. या बटाटामुखी पराक्रमात लोकांना काय सापडतं याचं मला मोठं कुतूहल होतं, म्हणून एकदा साडी बघण्याच्या निमित्ताने मी दुकानात तासभर बसून राहिले. खोडदची एक बाई पायरीवर बसून अंक वाचत होती आणि हसून हसून तिचा पदर खांद्यावरून घसरत होता. मी विचारलं, "एवढं काय आवडतं हो यात?" ती म्हणाली, "मारामारी लई भारी, पर लागत कुनालाच न्हाई. सासऱ्यापुढं बी वाचता येतं." नंतर मी पुष्कळ विचार केला, पण याहून नेमकी समीक्षा मला करता आली नाही.

वाचकांना अंक काढण्यात आपलाही हात आहे असं वाटायचं, हेही एक कारण असावं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड अँटेना तुम्हाला मी दाखवल्या होत्या, आठवतात? एका अंकात अंधाऱ्या त्यातल्या एकीत बसून गरगर फिरला. तिथे कामाला असलेले एक गृहस्थ टॉवेल घ्यायला आले आणि म्हणाले, "शेठ, अँटेना इतकी जोरात फिरत नसते राव. फार सावकाश फिरते." दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. शेठनी पुढच्या अंकात जाहीर दिलगिरी छापली आणि तोच पाठलाग पुन्हा काढला, या वेळी खऱ्या वेगाने. तात्या मागे, अंधाऱ्या पुढे, अँटेना मुंगीच्या पावलांनी फिरतेय, आणि दोघं आपापल्या गुडघेदुखीबद्दल बोलतायत. तो अंक सगळ्यांत जास्त गाजला.

पण खरा गोंधळ झाला तो बटाट्यावरून. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नसत आणि कांदा-बटाटा त्यांच्या घरात येत नसे. अंधाऱ्या किती दुष्ट आहे हे एका चित्रात दाखवायचं म्हणून त्यांनी त्याला दिवेलागणीनंतर बटाटेवडे खाताना काढलं. शेठच्या दृष्टीने याहून मोठं पाप कागदावर मावणारं नव्हतं. मलाही त्यात काही खटकलं नाही. चारच दिवसांत महाळुंगे पडवळचा एक शेतकरी अंकाची सुरळी करून गादीसमोर उभा.

"शेठ, आमी बटाटाच लावतो. आज्यापास्नं. आमी काय दरोडेखोर व्हतो का?"

"अहो भाऊ, तसं नाही..."

"मग वडा खाल्ला की मानूस वाईट, ह्ये कुठलं?"

शेठचा चेहरा बघवेना. त्यांनी त्याला बसवलं, हात जोडले, चहा पाजला. पण मग अंधाऱ्याने खायचं तरी काय? या प्रश्नाने त्यांना बरेच दिवस छळलं. जे काही त्याच्या हातात द्यावं ते कुणीतरी शेतात पिकवत होतंच. शेवटी त्यांनी ठरवलं, अंधाऱ्या उपाशी असतो. कुणी त्याला जेवायलाच बोलावलेलं नाही, म्हणून तो असा चिडका. तेव्हापासून प्रत्येक मारामारी सूर्य टेकायच्या आधी थांबायची, तात्या डबा सोडायचा आणि म्हणायचा, "ये रे, आधी जेवून घे." पेठेतली माणसं त्या एका चित्रासाठी अंकाची वाट बघू लागली.

वर्षाच्या खास अंकाचं शेवटचं पान ठरलेलं होतं. पर्युषण संपताना जैन मंडळी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून एकमेकांची क्षमा मागतात; कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा. शेठ त्या दिवशी माझ्यासकट साऱ्या पेठेची क्षमा मागत हिंडायचे, आणि अंकात तात्या-अंधाऱ्या समोरासमोर हात जोडून उभे असायचे. पुढच्या अंकात अंधाऱ्या पुन्हा पोतं घेऊन हजर. "क्षमा मागून पुन्हा चोरी?" मी म्हणायची. "तुम्ही-आम्ही काय वेगळं करतो, बाई?" ते म्हणायचे.

शेठची एकच हाव होती. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर, दोरीला चिमट्याने अडकवलेला आपला अंक त्यांना बघायचा होता, रंगीत. आणि एक दिवस पुण्याचे कुणी प्रकाशक खरंच आले. अंक चाळून खूश झाले, रंगीत छापू म्हणाले. अट एकच : अंधाऱ्या मेला पाहिजे. "वाचकाला शेवट लागतो, शेठ." शेठनी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या मांडीवरचा कागद कोराच राहायचा.

क्षमेच्या त्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. उपास होता, पाणीही नको म्हणाले. शेवटची पानं माझ्यापुढे ठेवली. नाणेघाटाच्या कड्यावरून अंधाऱ्या खाली पडत होता, झगा छत्रीसारखा फुगलेला. शेवटच्या चित्रात तात्या एकटाच हात जोडून उभा, समोर कोरा कागद.

"क्षमा कुणाची मागायची, बाई? समोर कुणीच नाही."

मी लाल पेन घेतलं. पानं पुढून पाहिली, मागून पाहिली. माझ्या टापटिपीचा त्यांना तेवढाच उपयोग झाला.

"शेठ, पडताना दिसतोय. खाली आपटलेला कुठे काढलाय?"

"नाही काढला. हात चालेना."

"मग तो मेला असं मी कशावरून मानू?"

हळूहळू शेठचा चेहरा नवा तागा उलगडावा तसा उलगडला. त्यांनी माझ्या टेबलावरचीच पेन्सिल उचलली, कड्याच्या मध्यावर करवंदीचं एक झुडूप काढलं आणि झगा त्यात अडकवून टाकला.

"फाटणार नाही ना?" मी विचारलं.

"आपल्या दुकानातला आहे, बाई!"

प्रकाशकांनी पानं परत पाठवली. रंगीत पुस्तक निघालं नाही. शेठनी मग दुकानातच एक दोरी बांधली आणि रुमालांच्या रांगेत तो अंक चिमट्याने लटकवला. मी पाहिलंय, गिऱ्हाईक नसताना ते गादीवरून उठून रस्त्यावर जायचे आणि स्टँडवरून बघावं तसे तिथून बघायचे.

आता शेठ नाहीत. दुकानाच्या जागी मोबाईल मिळतात. माझ्याकडे उरलेला एक अंक या पाकिटात घातला आहे, दोघांनी भांडू नका. आणि परवाची एक गोष्ट. मी दिवेलागणीला भाजी घ्यायला गेले होते, तेवढ्यात वीज गेली. मिरच्या विकणारी एक तरुण मुलगी दिव्याकडे बघत म्हणाली, "आला बघ अंधाऱ्या." शेजारची काटा खाली न ठेवता म्हणाली, "जेवलाय का इचार त्याला."

मी चटकन थांबले. "कोण गं हा अंधाऱ्या?"

"काय ठाव, आजी," ती म्हणाली. "आमच्यात म्हणत्यात तसं."